तो व्हिडिओ लागला, पुढे काय?

नाटकाचं परीक्षण लिहिताना आपण प्रकाशयोजनेपर्यंत जातो. मैफिलीबद्दल लिहिताना द्रुत लय कुठे सुटली आणि कुठे सावरली ते सांगतो. कवितासंग्रह असेल तर मुखपृष्ठावरही दोन ओळी खर्ची घालतो. पण महाराष्ट्रात ज्या प्रकाराला सगळ्यात जास्त श्रोते मिळतात, त्या राजकीय भाषणाबद्दल आपल्याकडे 'घणाघात', 'टोलेबाजी' आणि 'तोफ धडाडली' एवढीच परिभाषा आहे. वक्तृत्वाचा अभिमान मात्र भरपूर. न्या. रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ साली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आचार्य अत्र्यांच्या सभांना माणसं लोटायची. शिवसेना १९६६ साली शिवाजी पार्कच्या मैदानावर पहिल्यांदा जाहीरपणे उभी राहिली ती भाषणाच्याच जोरावर. शाळेत ज्याला दोन वाक्यं सलग बोलता येतात त्याला आजही वक्तृत्व स्पर्धेला उभं करतात, आणि तो हातवारे कुणाचे करतो ते बघून शिक्षक खूश होतात.

आणि तरीही, आज विशीतिशीतल्या कुणालाही नेत्यांच्या भाषणाबद्दल विचारा. एकच उत्तर येतं: "सगळे सारखेच." या उत्तराला आपण भ्रमनिरास म्हणतो आणि तिथेच थांबतो. राजकारणी खोटं बोलतात म्हणून लोकांचा विश्वास उडाला, हे त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण. ते मला पुरेसं वाटत नाही. राजकारणी खोटं बोलतात हे माझ्या आजोबांच्या पिढीलाही ठाऊक होतं आणि तरी ते सायकलवरून सभेला जायचे. त्यामुळे बदल नक्की कशात झाला, हे भाषणांच्या रचनेतच शोधावं लागेल.

त्यासाठी २०१९ हे एकच साल पुरेसं आहे. माझ्या वयाच्या लोकांनी लोकसभेला पहिल्यांदा मत दिलं ते त्या वर्षी. आणि त्याच वर्षी मराठीत तीन भाषणं अशी झाली की ती पक्षाच्या, जातीच्या, जिल्ह्याच्या पलीकडे सगळ्यांच्या तोंडी गेली: राज ठाकरे यांचं 'लाव रे तो व्हिडिओ', शरद पवार यांची साताऱ्यातली पावसातली सभा, आणि देवेंद्र फडणवीस यांचं 'मी पुन्हा येईन'. एका वर्षात तीन गाजलेली भाषणं म्हणजे वक्तृत्वाचा सुवर्णकाळच म्हणायला हवा. प्रत्यक्षात, भाषणावरचा आपला विश्वास उरलासुरला संपला तो याच तीन भाषणांच्या पुढेमागे, असं माझं म्हणणं आहे.

*

६ एप्रिल २०१९. गुढीपाडव्याचा मेळावा, शिवाजी पार्क. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने लोकसभेला एकही उमेदवार उभा केला नव्हता. तरीही राज ठाकरे यांनी त्या दिवसापासून पुढचे काही आठवडे नांदेड, सोलापूर, सातारा, पुणे असा राज्यभर सभांचा धडाका लावला. मंचावर मोठा पडदा. मोदी सरकारचा एखादा दावा सांगायचा, क्षणभर थांबायचं, आणि बाजूला कुणाला तरी हुकूम सोडायचा: "लाव रे तो व्हिडिओ."

या चार शब्दांकडे जरा नीट बघू. 'लाव' हा एकेरी आज्ञार्थ. 'रे' म्हणजे घरातलं, मित्रातलं संबोधन. 'तो' म्हणजे आपल्या सगळ्यांना माहीत असलेला, मघाशी बोलणं झालेला. वाक्य श्रोत्यांना उद्देशून नाहीच, ते न दिसणाऱ्या तंत्रज्ञाला उद्देशून आहे. नेहमीच्या भाषणात दोन बाजू असतात, वक्ता आणि गर्दी. इथे तिसरा माणूस आला आणि गर्दीची जागा बदलली. आता ती 'बंधू-भगिनींनो' राहिली नाही. वक्त्याच्या शेजारी बसून त्याच्याबरोबर टीव्ही बघणारी मंडळी झाली. सभेत दिवाणखाना आणणं ही साधी गोष्ट नव्हे. अलीकडच्या मराठी वक्तृत्वात रचनेच्या पातळीवर इतकी नवी कल्पना दुसरी कुठली आल्याचं मला दिसत नाही.

नवी, पण निराधार नाही. वारकरी कीर्तनात कीर्तनकार विवेचन करता करता संतांच्या अभंगाचा चरण घेतो, त्याला 'प्रमाण' असाच शब्द आहे. प्रमाण आलं की मागचे टाळकरी ते उचलतात आणि बुवांना श्वास घ्यायला मिळतो. ठाकरे यांच्या सभेची लय हीच होती. दावा, विराम, प्रमाण, टाळ्या, भाष्य. फरक एवढाच की कीर्तनातलं प्रमाण ज्याच्यापुढे सगळे मान तुकवतात त्याचं असतं. इथे प्रमाण म्हणून आणले जात होते ते ज्यांच्यावर टीका करायची त्या नेत्यांचेच शब्द. मुख्यमंत्री असतानाचे मोदी विरुद्ध पंतप्रधान मोदी. वक्ता स्वतः फार काही सिद्ध करत नव्हता, समोरच्याच्याच दोन वाक्यांची गाठ घालून देत होता.

सगळ्यात गाजला तो हरिसालचा भाग. अमरावती जिल्ह्यात मेळघाटातलं हे गाव राज्य सरकारने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने देशातलं पहिलं 'डिजिटल गाव' म्हणून पुढे आणलं होतं. जाहिरातही होती, तिच्यात एक तरुण लाभार्थी म्हणून दिसत होता. ठाकरे यांनी आधी जाहिरात दाखवली, मग गावातली परिस्थिती दाखवली, आणि सोलापूरच्या सभेत तो तरुणच मंचावर आणला. हा तरुण कामाच्या शोधात आहे, असं सांगितलं.

माझ्या पेशातल्या लोकांना हा प्रसंग जरा जास्त लागला, कारण 'डिजिटल' हा शब्द आमच्या ताटातला. गावात टॉवर लागतो, दवाखान्यात स्क्रीन येते, शाळेत संगणक येतात, उद्घाटनाच्या दिवशी सगळं चालतंही. पुढे वीज जाते, नेट बंद पडतं, बॅटरी मरते, देखभालीचं कंत्राट संपतं. कुठलीही प्रणाली उभी करायला जितका खर्च येतो त्याहून जास्त ती चालू ठेवायला येतो. पण भाषणाला फक्त उद्घाटन सांगता येतं. देखभाल सांगायला तिथे क्रियापदच नाही. 'केलं', 'दिलं', 'आणलं' ही भूतकाळाची क्रियापदं आणि 'करू', 'देऊ', 'आणू' ही भविष्यकाळाची. मधला चालू वर्तमानकाळ, म्हणजे 'आज सकाळी ते सुरू आहे का', हा राजकीय भाषणाच्या व्याकरणाबाहेर राहतो. हरिसालच्या त्या तरुणाला मंचावर उभं करून ठाकरे यांनी तो वर्तमानकाळ सभेत आणला. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

आकड्यांचंही तसंच. एप्रिल २०१८ मध्ये बिहारमध्ये मोतिहारीच्या भाषणात पंतप्रधानांनी सांगितलं होतं की राज्यात एका आठवड्यात साडेआठ लाख शौचालयं बांधली गेली. आठवड्यात मिनिटं असतात १०,०८०. भागाकार केला तर मिनिटाला ८४ शौचालयं होतात, रात्रंदिवस, जेवायची सुट्टी न घेता. हे खोडायला शोधपत्रकारिता लागत नाही, चौथीचं गणित पुरतं. तरीही ते वाक्य म्हटलं गेलं, टाळ्या पडल्या. का? कारण भाषणातला आकडा मोजायचा नसतो हे म्हणणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही माहीत असतं. तो आकडा म्हणजे ढोलावरची थाप. 'लाव रे'च्या सभांनी आपल्याला सांगितलं की थांबा, हे मोजता येतं. वाटलं होतं की एकदा मोजून दाखवलं की संपलं.

२३ मे २०१९ रोजी निकाल लागला. महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीला मिळाल्या. नांदेडमध्ये अशोक चव्हाण हरले, सोलापुरात सुशीलकुमार शिंदे हरले. साताऱ्याची जागा राष्ट्रवादीने राखली. त्या जागेकडे पुढे येऊच.

*

याची राजकीय कारणं सगळ्यांना पाठ आहेत. पुलवामा आणि बालाकोट फेब्रुवारीतच घडले होते, विरोधकांकडे चेहरा नव्हता, मनसेची स्वतःची मतं मर्यादित होती. ती बरोबरच असतील. मला मात्र रचनेतली तीन कारणं दिसतात.

एक, हे भाषण ऐकून झाल्यावर श्रोत्याला करायला काही उरत नव्हतं. पक्ष निवडणूक लढवत नव्हता. 'यांना घालवा' हे सांगितलं जात होतं, पण 'यांना आणा' हे वक्त्याच्या स्वतःच्या तोंडी शोभत नव्हतं, कारण त्याच काँग्रेस-राष्ट्रवादीवर तो इतकी वर्षं तुटून पडला होता. कीर्तनात पूर्वरंग झाला की उत्तररंग येतो, निरूपणानंतर आख्यान येतं, आणि शेवटी सगळे मिळून आरती करतात. इथे पूर्वरंग झाला आणि लोक घरी गेले.

दोन, हसू. प्रत्येक व्हिडिओनंतर हशा पिकायचा. हसणं म्हणजे हिशेब मिटल्याची पावती असते. एखाद्याचा दुटप्पीपणा पकडला, हसलो, समाधान झालं. आता त्याबद्दल रागवायची गरज उरली नाही. काही दिवसांतच ते वाक्य लग्नाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचलं. कुणी जेवणावळीचे फोटो टाकायला उशीर केला तरी "लाव रे तो व्हिडिओ". राजकीय आरोपाचं इतक्या लवकर वाक्प्रचारात रूपांतर झालं की त्यातलं राजकारण गळून गेलं.

तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्रतिपक्ष तिथे अर्धवटच हजर होता. पडद्यावर तो होता, पण कापलेला. बोलत होता, पण उत्तर देऊ शकत नव्हता. एप्रिलच्या अखेरीस भाजपचे आशीष शेलार यांनी मुंबईत याला उत्तर म्हणून व्हिडिओंचाच कार्यक्रम केला. ठाकरे यांनी दाखवलेल्या एका छायाचित्रातल्या कुटुंबालाच त्यांनी मंचावर आणलं, आणि त्या छायाचित्राचा आपल्या संमतीविना गैरवापर झाल्याची तक्रार त्या कुटुंबाच्या तोंडून आली. इकडच्या मंचावर एक खरा माणूस, तिकडच्या मंचावर एक खरं कुटुंब. दोन्ही बाजूंकडे प्रमाणं, आणि दोघांना एका खोलीत बसवून विचारणारं मात्र कुणी नाही. सामान्य श्रोत्याने यातून काय निष्कर्ष काढावा? त्याने काढला तोच: सगळे सारखेच.

म्हणजे पुरावा देऊन भ्रम दूर होईल, ही अपेक्षा होती. पुराव्याने भ्रम दूर झाला तो पुराव्याबद्दलचा.

*

१८ ऑक्टोबर २०१९, सातारा. विधानसभेच्या प्रचाराचे शेवटचे दिवस. मे महिन्यात राष्ट्रवादीच्या तिकिटावर निवडून आलेले उदयनराजे भोसले सप्टेंबरमध्ये खासदारकीचा राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले होते, म्हणून लोकसभेची पोटनिवडणूकही सोबतच होती. शरद पवार ७८ वर्षांचे. भाषणाच्या वेळी पाऊस कोसळला आणि ते छत्रीशिवाय बोलत राहिले.

भाषण म्हणून पाहिलं तर त्यात फारसं काही नाही. छोटंसं, आवाज बसलेला, शब्द नेहमीसारखे अर्धे गिळलेले. पवारांच्या वक्तृत्वाची ख्याती कधीच नव्हती. आकडा नाही, पडदा नाही, योजना नाही. पण दोन गोष्टी होत्या. लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली, असं ते म्हणाले. आणि ती दुरुस्त करायला साताऱ्यातले लोक २१ तारखेची वाट बघताहेत, असं म्हणाले. म्हणजे जे ठाकरे यांच्या सभेत नव्हतं ते इथे होतं: श्रोत्याच्या हातात एक काम आणि त्या कामाची तारीख. साताऱ्यात श्रीनिवास पाटील निवडून आले. विधानसभेत राष्ट्रवादी ४१ वरून ५४ वर गेली.

त्या सभेचं छायाचित्र आज कुणालाही आठवतं. भाषण कुणालाच आठवत नाही. मला हे कौतुकाचं वाटत नाही, काळजीचं वाटतं. पुराव्यांचं भाषण हरलं आणि भिजलेल्या माणसाचं भाषण जिंकलं, याचा अर्थ श्रोत्यांनी शब्द ऐकणं सोडलं होतं. शब्दांवर विश्वास राहिला नाही की माणूस शरीराकडे बघतो: हा उभा राहतो की पळतो, भिजतो की छत्री मागतो. हे अडाणीपण नव्हे, अनुभवातून आलेलं शहाणपण आहे. बाजारात जीभ गोड असलेल्या व्यापाऱ्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या तराजूच्या काट्याकडे बघावं तसं. पण शरीराकडून धोरण कळत नाही. भिजल्यामुळे सोयाबीनचा भाव कळत नाही. आणि चूक मान्य केली ती उमेदवार निवडीतली होती. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या सहकाराच्या, सिंचनाच्या, शिक्षणसंस्थांच्या राजकारणात काही चुकलं का, हा प्रश्न पावसात वाहून गेला. तो विचारायला तिथे कुणी नव्हतं, आणि विचारला असता तर तो अरसिक ठरला असता.

*

तिसरं भाषण सभेतलं नाही, सभागृहातलं. २०१९ च्या पावसाळी अधिवेशनात, विधानसभेचा कार्यकाळ संपत आला असताना, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी कवितेसारख्या ध्रुपदाने समारोप केला. ध्रुपद होतं 'मी पुन्हा येईन'. वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकाने पैकीच्या पैकी गुण द्यावेत असं: आवर्तन, चढता स्वर, प्रत्येक वेळी नवं आश्वासन.

पुढे काय झालं ते पाहा. ऑक्टोबरमध्ये भाजपला १०५, शिवसेनेला ५६ जागा मिळाल्या आणि युती मोडली. त्या वाक्याचा विनोद झाला. २३ नोव्हेंबरच्या सकाळी शपथविधी झाला आणि तिसऱ्या दिवशी राजीनामा; विनोद दुप्पट झाला. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, फडणवीस उपमुख्यमंत्री झाले. विनोदात जरा हिशेब मिसळला. ५ डिसेंबर २०२४ रोजी ते पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि तेच वाक्य भविष्यवाणी म्हणून समर्थकांनी मिरवलं.

वाक्य एकच, चारही वेळा. त्याचा अर्थ त्याच्या आत कधीच नव्हता, तो बाहेरच्या घटना ठरवत गेल्या. आणि त्या घटना कुठल्या? आमदारांचं फुटणं, पक्षचिन्हावरचा दावा, अध्यक्षांचा निर्णय, न्यायालयातली तारीख. यातल्या एकाही गोष्टीचं त्या भाषणात सूतोवाच नव्हतं. जनतेला उद्देशून म्हटलेलं वाक्य खरं ठरलं ते जनतेला न विचारता ठरलेल्या गोष्टींमधून निघालेल्या वाटेवर. २०२४ च्या विधानसभेत महायुतीला मोठा कौल मिळाला हे खरंच आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण मधली पाच वर्षं ज्याने पाहिली, त्याला शब्द आणि घटना यांचा संबंध हवामानखात्याच्या जुन्या अंदाजांसारखा वाटला तर नवल नाही. पाऊस पडला की 'सांगितलं होतं', नाही पडला तर विनोद.

*

आता पुन्हा पहिल्या भाषणाकडे. राज ठाकरे ऑगस्ट २०११ मध्ये गुजरातचा दौरा करून आले आणि त्यांनी मोदींच्या कारभाराची तारीफ केली. २०१४ मध्ये पंतप्रधानपदासाठी मोदींना पाठिंबा दिला. २०१९ मध्ये 'लाव रे'. ९ एप्रिल २०२४, पुन्हा गुढीपाडवा, पुन्हा शिवाजी पार्क: मोदींसाठी बिनशर्त पाठिंबा. १७ मे २०२४ रोजी त्याच मैदानावर दोघे एका मंचावर होते. साहजिकच २०१९ च्या सभांचे तुकडे लोकांच्या फोनवर पुन्हा फिरू लागले. ज्या यंत्राचा शोध या वक्त्याने लावला, ते यंत्र आता त्याच्याकडे तोंड करून उभं होतं.

हे एका नेत्याच्या कोलांट्यांबद्दल नाही. २०१९ ते २०२४ या काळात महाराष्ट्रातला जवळजवळ प्रत्येक मोठा पक्ष ज्याच्या विरोधात बोलला त्याच्याबरोबर बसला. प्रत्येकाविरुद्ध लावायला व्हिडिओ आहे. माझ्या पिढीला सगळं रेकॉर्ड झालेलं मिळालं आहे. आमच्या आधीच्या लोकांना नेता काय म्हणाला होता हे आठवावं लागायचं आणि आठवणीत चूक होऊ शकायची; आम्हाला दहा सेकंदांत सापडतं. याने उत्तरदायित्व वाढेल असं वाटलं होतं. वाढलं नाही.

आमच्या कामात प्रत्येक घटनेची नोंद ठेवतात, तिला लॉग म्हणतात. पण लॉग साठवून कुठलाच बिघाड आपोआप दुरुस्त होत नाही. त्यात काही वावगं दिसलं की कुणाचा तरी फोन रात्री दोन वाजता वाजला पाहिजे, त्याने उठलं पाहिजे, आणि सकाळच्या बैठकीत त्याला 'काय झालं' हे सांगावं लागलं पाहिजे. हा दुसरा भाग नसेल तर लॉग म्हणजे भरत जाणारी डिस्क. आपल्या सार्वजनिक आयुष्यात पहिला भाग अफाट वाढला आणि दुसरा आकसत गेला. नेत्याने आधी काय म्हटलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याला ते विचारायची जागा कुठेच नाही. भ्रमनिरास म्हणतात तो याच फटीत तयार होतो. खोटं ऐकल्याने माणूस चिडतो. खोटं पकडूनही काही होत नाही हे कळलं की तो गप्प बसतो.

*

चांगलं राजकीय भाषण कसं असतं, याचं आपल्याकडे उदाहरण नाही असं नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत केलेलं समारोपाचं भाषण बहुतेकांना त्यातल्या इशाऱ्यांसाठी आठवतं: राजकारणातली विभूतिपूजा, आणि राजकीय समतेसोबत नांदणारी सामाजिक-आर्थिक विषमता. मी ते पुन्हा वाचतो ते सुरुवातीच्या भागासाठी. तिथे आंबेडकर श्रेय वाटून देतात, सल्लागारांना, मसुदा लिहिणाऱ्यांना, अगदी काँग्रेस पक्षाच्या शिस्तीलाही. मग ते सभागृहातल्या बंडखोरांचे आभार मानतात, नावं घेऊन: ह. वि. कामत, आपल्या विदर्भाचे पंजाबराव देशमुख, के. टी. शाह, हृदयनाथ कुंझरू आणि इतर. या लोकांनी सतत हरकती घेतल्या म्हणून तत्त्वं स्पष्ट करून सांगायची संधी मिळाली, असा त्यांचा भाव. मग कम्युनिस्ट आणि समाजवादी पक्षांचे आक्षेप काय आहेत ते सांगून त्यांना उत्तरं देतात. आणि ज्या संविधानासाठी आपण खपलो ते राबवणारे वाईट निघाले तर तेही वाईटच ठरेल, असं स्वतःच म्हणून ठेवतात.

विजयाच्या दिवशी वक्ता प्रतिपक्षाचं म्हणणं मांडतो, त्याचे आभार मानतो आणि आपल्या कामाची मर्यादा सांगतो. याला विनम्रता म्हणून चालणार नाही. हे त्या जागेमुळे घडलं. समोर उठून 'हे चुकीचं आहे' म्हणणारी माणसं बसली होती, दोन-तीन वर्षं ती म्हणतच होती. भाषणाची गुणवत्ता वक्त्याच्या गळ्याइतकीच समोरच्या खुर्च्यांवर अवलंबून असते. ज्याला उलट प्रश्न येणार आहे तो वाक्य जपून बांधतो; ज्याला फक्त टाळ्या येणार आहेत तो थाप मारतो.

या निकषावर आपला काळ पाहा. १७ मे २०१९ रोजी, प्रचार संपताना, पंतप्रधान पत्रकार परिषदेत बसले. पाच वर्षांत पहिल्यांदाच. प्रश्नांची उत्तरं अमित शाह यांनी दिली. २०२४ च्या निकालानंतर महाराष्ट्र विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदासाठी रूढ असलेली एक दशांश संख्या एकाही विरोधी पक्षाकडे नव्हती. आणि त्याहून घराजवळचं उदाहरण: मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर तिथे वर्षानुवर्षं प्रशासक होते. मुंबईसारख्या शहरात नाला का तुंबला हे सभागृहात उभं राहून विचारणारा एकही नगरसेवक नव्हता. त्याच वर्षांत त्याच शहरात दसऱ्याला दोन-दोन मेळावे झाले, पाडव्याला सभा झाल्या, खड्ड्यांवरून एकमेकांवर तोफा धडाडल्या. सभा वाढत गेल्या आणि सभागृह रिकामं होतं.

म्हणून 'सगळे सारखेच' म्हणणाऱ्या माझ्या मित्रांशी मला वाद घालायचा नाही. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. वाद एवढाच की त्यातून त्यांनी काढलेला 'मग ऐकायचंच कशाला' हा निष्कर्ष नेत्यांच्या सोयीचा आहे. कुणीच ऐकत नसेल तर काहीही बोलता येतं. त्यापेक्षा आपण वेगळं ऐकायला शिकावं. एखाद्या भाषणाचा तुकडा फोनवर आला की तो गाजला का, कुणाची जिरली का, हे बघण्याआधी तीन साध्या गोष्टी बघाव्यात. समोरच्याचा सगळ्यात मजबूत मुद्दा वक्त्याने घेतला का, की सगळ्यात हास्यास्पद तेवढाच उचलला? जे सांगितलं ते आज सकाळी सुरू आहे का, हे तपासायला गाव, तारीख, खातं यांपैकी काही दिलं का? आणि भाषण संपल्यावर तो प्रश्न घेण्यासाठी थांबला, की गाडीकडे निघाला?

पहिल्या दोन कसोट्यांवर तिन्ही भाषणांना कमीजास्त गुण देता येतील, त्यावर वाद घालता येईल, आणि असा वाद म्हणजेच समीक्षा. तिसऱ्या कसोटीवर तिघांनाही शून्य मिळतं. त्यांना कुणी प्रश्न विचारला नाही, कारण आपणही टाळ्या वाजवून झाल्यावर व्हिडिओ पुढे पाठवण्यात गुंतलो होतो.